घड्याळांच्या खोऱ्यातील इमारती : जिनिव्हा ते ला शो-द-फाँ

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर जुरा पर्वताच्या समांतर रांगा पसरलेल्या आहेत, आणि जिनिव्हापासून ईशान्येकडे जाणाऱ्या या पट्ट्यात कित्येक पिढ्या घड्याळे तयार होत आली आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत येथील अनेक कंपन्यांनी जगातील नामवंत वास्तुविशारदांना बोलावून आपले कारखाने, कार्यालये आणि संग्रहालये बांधून घेतली. ज्या उद्योगाचे सगळे कौशल्य नखाएवढ्या जागेत मावते, त्याची ओळख शंभर-दोनशे मीटर लांबीच्या इमारतीने कशी सांगावी, हा प्रश्न इमारतींची संरचना आखण्याचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला फार दिवस खुणावत होता. सोबतीला मामा होते. पुण्यात मंडईजवळ त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. एचएमटीच्या ‘जनता’पासून जुन्या स्विस खिशातल्या घड्याळांपर्यंत सगळे काही त्यांच्या भिंगाखालून गेलेले आहे. निघण्यापूर्वी ते एवढेच म्हणाले होते, “इमारती तू बघ, मला त्यातलं कळत नाही. पण घड्याळात बिनकामाचा भाग नसतो, एवढं लक्षात ठेवून बघ.” पुढे प्रत्येक इमारतीसमोर उभे राहिल्यावर मी हीच फूटपट्टी वापरली.

बुधवार : जिनिव्हा, प्लाँ-ले-ऊआत

जिनिव्हाच्या नैर्ऋत्येला प्लाँ-ले-ऊआत हे उपनगर आहे आणि तेथील औद्योगिक वसाहतीत पातेक फिलिप, रोलेक्स, पियाजे अशा मोठ्या नावांच्या इमारती एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. आम्ही गेलो ते १७५५ साली स्थापन झालेल्या व्हाशेरॉन काँस्टाँटाँ या कंपनीची इमारत पाहण्यासाठी. लोझान येथे जन्मलेल्या बर्नार्ड चुमी यांनी तिचा आराखडा केला आणि २००४ साली ती पूर्ण झाली. कारखाना सर्वसामान्यांसाठी खुला नसल्यामुळे रस्त्यावरून जेवढे दिसते तेवढ्यावरच समाधान मानावे लागले.

चुमी यांची कल्पना सांगायला सोपी आहे. धातूचा एक पातळ, लवचीक पत्रा घेतला, कार्यालयांच्या उंच भागावरून तो वळवला आणि कार्यशाळांच्या बुटक्या भागावर उलगडत नेला. बाहेरून धातू आणि आतून लाकूड. कारागिराच्या हातातील पातळ पत्र्याची आठवण व्हावी असा हा आकार आहे. कंपनीचे चिन्ह असलेल्या माल्टाच्या क्रुसाचा अर्धा भागही या इमारतीत दिसतो, असे सांगितले जाते. मामांनी त्या चिन्हाचे मूळ समजावून दिले. जुन्या घड्याळांत ज्या डबीत मुख्य स्प्रिंग गुंडाळलेली असते त्या बॅरलच्या झाकणावर क्रुसाच्या आकाराचा एक लहानसा भाग बसवत असत. स्प्रिंग पूर्ण आवळली की तिचा जोर फार असतो आणि पूर्ण सैल पडली की फार कमी. या क्रुसामुळे दोन्ही टोकांचे वेढे वापरातून वगळले जात आणि मधल्या, बऱ्याचशा सारख्या जोराच्या वेढ्यांवर घड्याळ चालत असे. कंपनीने १८८० साली हे चिन्ह स्वीकारले.

“म्हणजे तो ब्रेक आहे,” मामा म्हणाले. “शोभेचा नाही.”

इमारतीतील क्रूस मात्र शोभेचा आहे, आणि माझे मन तेथेच अडले. पत्र्याची घडी देखणी आहे, तिच्या कडा अत्यंत स्वच्छ आहेत, पण भार पेलणारा सांगाडा वेगळा आहे आणि हा पत्रा त्याच्यावर पांघरलेला आहे. घड्याळनिर्मितीचा संदर्भ काढून टाकला तरी इमारत तशीच उभी राहील. दुपार पातेक फिलिपच्या संग्रहालयातील मिनाकाम केलेली खिशातली घड्याळे पाहण्यात गेली. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

गुरुवार : ल ब्रास्यू

लोझानहून निघालेली गाडी ल पाँपाशी आल्यावर व्हाले द जूचे खोरे उघडते आणि जू सरोवराच्या काठाकाठाने रूळ ल ब्रास्यूपर्यंत जातात. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवरचे हे खोरे चारही बाजूंनी बंद आहे. हिवाळ्यात सरोवर गोठते आणि शेते कित्येक महिने बर्फाखाली असतात. या सक्तीच्या रिकामपणात शेतकरी कुटुंबांनी घरातल्या खिडकीपाशी बसून घड्याळांचे सुटे भाग करायला सुरुवात केली, आणि काही पिढ्यांत हे खोरे सर्वांत गुंतागुंतीच्या घड्याळांसाठी ओळखले जाऊ लागले. केवळ वेळ न सांगता चंद्रकला, अधिक दिवसांसह चालणारे पंचांग, टोल देऊन तास-मिनिटे सांगणारी यंत्रणा असे काही जास्तीचे करणाऱ्या रचनेला येथील लोक ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. ज्यूल लुई ऑडमार आणि एदुआर ऑग्युस्त पिगे या दोघांनी १८७५ साली ज्या घरात काम सुरू केले ते घर आजही तेथे आहे. त्याच्या शेजारच्या कुरणात ऑडमार पिगे कंपनीचे संग्रहालय २०२० साली सुरू झाले. डॅनिश वास्तुविशारद ब्यार्के इंगेल्स यांच्या ‘बिग’ या संस्थेने २०१४ सालच्या स्पर्धेत हे काम मिळवले होते.

पहिल्या दर्शनाला ही इमारत जवळजवळ दिसतच नाही. कुरणाचा उतार थोडासा वर उचलला जातो, गवत छतावरून तसेच पुढे सरकते आणि त्याच्या खाली काचेची एक पट्टी वळत वळत आत जाते. उंच जागेवरून पाहिले की आकार उलगडतो : एकमेकांत गुंफलेली दोन सर्पिल वेटोळी, म्हणजे सपाट ठेवलेली घड्याळाची स्प्रिंग. स्प्रिंगच्या आकाराची इमारत बांधली, एवढेच तिचे वैशिष्ट्य असते तर मी हे पान येथेच संपवले असते.

आत शिरल्यावर प्रथम लक्षात येते ती खांबांची अनुपस्थिती. छप्पर पोलादी आहे, त्यावर माती आणि गवत आहे, हिवाळ्यात त्यावर बर्फही साठणार, आणि हा सगळा भार वक्र काचेच्या १०८ तावदानांवर आहे. काच दाबाखाली बरीच ताकदवान असते, पण पातळ सपाट तावदानावर उभा भार दिला तर ते चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला फुगून मोडते. सपाट धरलेला कागद स्वतःच्या वजनानेही वाकतो आणि तोच गोल वळवून उभा केला की त्यावर पुस्तक ठेवता येते. या तावदानांची वक्रता हेच काम करते. भिंत वळलेली आहे म्हणूनच ती छप्पर उचलू शकते. वळण सरळ केले तर खांब घालावे लागतील. स्प्रिंगचेही असेच आहे : पोलादाची सरळ पट्टी घड्याळाच्या उपयोगाची नाही, ती गुंडाळल्यावरच जोर साठवते. चिन्ह आणि सांगाडा येथे वेगळे काढता येत नाहीत, आणि मामांच्या फूटपट्टीला उतरणारी पहिली इमारत मला ल ब्रास्यूला सापडली.

संरचनेच्या कामात असलेल्यांसाठी येथे पाहण्यासारखे खूप आहे. काच आणि पोलाद तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात; जेथे उन्हाळा आणि हिवाळा यांच्यात एवढा फरक आहे तेथे या दोघांना एकत्र बांधताना कोठे घट्ट धरायचे आणि कोठे सैल सोडायचे हे फार बारकाईने ठरवावे लागते, कारण काच पोलादासारखी आधी वाकून सूचना देत नाही. घड्याळजींच्या जगात हाच प्रश्न फार जुना आहे. घड्याळाची गती ठरवणाऱ्या बॅलन्स चाकाला आंदोलन देणारी केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग ख्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६७५ साली मांडली, पण साधी पोलादी हेअरस्प्रिंग उन्हात मऊ पडते आणि थंडीत ताठरते, त्यामुळे घड्याळ मागे-पुढे जाते. त्यावरचा उपाय याच जुरा भागात जन्मलेल्या शार्ल-एदुआर गियोम यांनी शोधला. तापमानाचा फारसा परिणाम न होणारे इन्व्हार आणि एलिन्व्हार हे मिश्रधातू त्यांनी सिद्ध केले आणि १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मामांना एलिन्व्हार हे नाव सुट्या भागांच्या पाकिटावर वाचलेले आठवत होते. ते या डोंगरांतले आहे हे ऐकून त्यांना विशेष आनंद झाला.

तावदानांच्या बाहेरून पितळी जाळी फिरवलेली आहे. तिची वीण सगळीकडे सारखी नाही, कारण प्रकाश आणि उष्णता किती आत घ्यायची हे दिशेप्रमाणे बदलते. पितळ हा तर घड्याळाच्या आतल्या पट्ट्यांचा आणि चाकांचा धातू. येथेही त्याची निवड करताना त्याच्यावर काम सोपवले आहे, आणि छतावरील मातीनेही उष्णता रोखायची आणि पाणी शोषायचे असे तिला नेमून दिलेले आहे.

वाट आधी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत केंद्राकडे नेते आणि मग उलट दिशेने बाहेर काढते. जमीन मूळ कुरणाच्या उताराप्रमाणे कमी-अधिक उतरत राहते, भिंती समांतर नसतात, आणि आपण किती आत आलो आहोत याचा अंदाज काही वेळाने सुटतो. सुमारे तीनशे घड्याळे मांडलेली आहेत. केंद्रस्थानी १८९९ सालचे ‘युनिव्हर्सेल’ हे हजाराहून अधिक भागांचे खिशातले घड्याळ आहे आणि त्याच्याभोवती ग्रहमालेसारख्या गोलाकार पेट्यांत इतर गुंतागुंतीची घड्याळे ठेवली आहेत. प्रदर्शनाची मांडणी जर्मनीतील आतल्ये ब्रुकनर या संस्थेची. मला ती ग्रहमाला थोडी जास्त नाट्यमय वाटली. घड्याळे इतकी बोलकी असताना त्यांना एवढ्या रंगमंचाची गरज नव्हती. पण केंद्रापासून काही पावलांवरच प्रत्यक्ष कार्यशाळा आहेत आणि तेथे कारागीर काम करत बसलेले असतात. सर्वांत गुंतागुंतीचे एक घड्याळ एकच कारागीर सहा ते आठ महिने घेऊन पुरे करतो. अशा लोकांना बाहेरचा स्थिर उजेड लागतो, आणि काचेची इमारत असण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे.

पाहुण्यांना पत्र्याच्या तुकड्यावर घासकाम करून पाहता येते. एका दिशेने बारीक सरळ रेषा उमटवणे आणि एकमेकांवर किंचित चढणारी गोल नक्षी उठवणे हे त्यातले दोन प्रकार. माझा तुकडा तिरपा गेला नाही तरी रेषा कोठे दाट कोठे विरळ आल्या. मामांनी मनगट न हलवता सगळा दाब कोपरातून दिला आणि पहिल्याच हातात स्वच्छ काम उतरले. दाखवणाऱ्या तरुणीने तुकडा उजेडाकडे तिरपा धरून पाहिला आणि त्यांना विचारले की आपण कोणत्या कंपनीत होता. मी भाषांतर केल्यावर मामा म्हणाले, “तिला सांग, स्वतःच्याच.”

जवळच त्याच कंपनीसाठी ‘बिग’नेच आखलेले, नागमोडी उतरणारे हॉटेल २०२२ पासून सुरू आहे. ते आम्ही बाहेरूनच पाहिले.

शुक्रवार : बील

ल ब्रास्यूहून पुन्हा लोझान आणि तेथून इव्हर्दाँ आणि न्यूशातेलमार्गे बील. दीर्घ प्रवासात मामांनी मला १९७० नंतरच्या काळाविषयी विचारले. क्वार्ट्झ घड्याळे आली तेव्हा पुण्यातल्या त्यांच्या दुकानावरही परिणाम झाला होता, पण येथे जे घडले त्याची कल्पना त्यांना नव्हती. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९०,००० लोक काम करत होते, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या जवळपास एक तृतीयांशावर आली. खोरीच्या खोरी रिकामी झाली. या पडझडीतून बाहेर येण्याचा एक मोठा प्रयत्न म्हणजे १९८३ साली बाजारात आलेले प्लास्टिकचे ‘स्वॉच’ घड्याळ, आणि त्या कंपनीचे मुख्यालय पाहण्यासाठीच आम्ही बीलला चाललो होतो.

जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी येथे तीन इमारतींचा समूह उभारला. ओमेगाचा कारखाना २०१७ साली सुरू झाला; स्वॉचचे मुख्यालय आणि त्याला जोडलेली, संग्रहालये सामावणारी ‘सिते द्यु तां’ ही इमारत यांचे उद्घाटन ऑक्टोबर २०१९ मध्ये झाले. भारतीयांना बान यांची आठवण वेगळ्या कारणाने राहावी. २००१ च्या भूकंपानंतर त्यांनी भूज येथे कागदी नळ्यांच्या भिंती, बांबूचे छप्पर आणि पडलेल्या घरांच्या राडारोड्याचा पाया असलेली निवारा-घरे बांधली होती. ज्याने कागदाकडून भिंतीचे काम करून घेतले त्याच माणसाने येथे २४० मीटर लांबीची लाकडी इमारत रचली.

हे मुख्यालय एका प्रचंड सर्पासारखे वळत येते आणि मान उंचावून शेजारच्या इमारतीवर टेकते. रुंदी ३५ मीटर, सर्वांत उंच जागा २७ मीटर, आणि वरचे कवच ११,००० चौरस मीटरहून अधिक. भिंत कोठे संपते आणि छप्पर कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. लाकडाच्या तुळयांनी विणलेल्या जाळीच्या चौकटींत सुमारे २,८०० घटक बसवलेले आहेत. काही अपारदर्शक, काही अर्धपारदर्शक आणि काही आरपार दिसणारे. कवचासाठी १,९९७ घनमीटर लाकूड लागले, तेही स्वित्झर्लंडमधील जंगलांतले आणि मुख्यतः स्प्रूसचे. येथील जंगलांत एवढे लाकूड दोन तासांहून कमी वेळात वाढते, असा कंपनीचा हिशेब आहे.

सुरुवातीला मला ही इमारत पटली नव्हती. सर्पाचा आकार, चमकते खवले, आत रंगांची उधळण : हे सगळे स्वॉचच्या खेळकर जाहिरातींशी जुळते, आणि जाहिरात म्हणजे कारागिरी नव्हे. मत बदलले ते दोन गोष्टींमुळे. पहिली तुळयांच्या सांध्यांची. कवच दुहेरी वक्र असल्यामुळे हजारो तुळयांपैकी बहुतेक प्रत्येकीची लांबी, पीळ आणि कापलेली टोके वेगळी आहेत. संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर त्या मिलिमीटरच्या दशांशापर्यंत अचूक कापाव्या लागल्या, कारण एका सांध्यात राहिलेली चूक पुढच्या सांध्यात जाते आणि शंभर सांध्यांनंतर तुळई बसतच नाही. लाकूड हवेतील ओलाव्याने फुगणारे आणि आकसणारे. त्याच्याकडून एवढा नेमकेपणा मागणे हे धाडस आहे. मामांनी सांध्याच्या जागी बोट फिरवून पाहिले आणि मान डोलावली.

दुसरी गोष्ट स्वॉच घड्याळाची रचना. मामांनी अशी घड्याळे उघडायचा प्रयत्न पूर्वी केलेला होता आणि ती उघडत नाहीत म्हणून त्यांच्यावर त्यांचा राग होता. साध्या घड्याळात यंत्र एका पितळी तळपट्टीवर वेगळे जुळवलेले असते आणि मग ते केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, बसवतात. स्वॉच करणाऱ्यांनी ती तळपट्टीच काढून टाकली; प्लास्टिकच्या केसचा तळ हाच यंत्राचा पाया केला, सगळे भाग एकाच बाजूने आत बसतील असे आखले आणि भागांची संख्या ५१ वर आणली. म्हणून ते यंत्रांवर जुळवता आले, स्वस्त झाले, आणि म्हणूनच दुरुस्त करता येत नाही. बान यांच्या इमारतीतही कवच आणि सांगाडा असे दोन थर नाहीत : जे बाहेरून दिसते तेच भार पेलते. वास्तुविशारदाने हा संबंध जाणूनबुजून साधला का, हे मला सांगता येणार नाही, पण तेथे उभे राहिल्यावर तो स्पष्ट दिसतो. सर्पापेक्षा हे साम्य मला कितीतरी मोलाचे वाटते.

“केस हाच सांगाडा,” असे मी मामांना म्हटले तेव्हा त्यांनी विचारले, “आणि एक तुळई कुजली तर? बदलता येईल ना?”

बदलता येणे अशक्य नाही, पण सोपेही नाही, असे मी उत्तर दिले. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण प्रश्न योग्य होता. जुन्या यांत्रिक घड्याळाचा सगळा मोठेपणा शंभर वर्षांनी कोणीतरी ते उघडू शकते यात आहे, आणि या कसोटीला लाकडाचे हे कवच कसे उतरेल हे काळच ठरवील.

शेजारचा ओमेगाचा कारखाना त्या मानाने शांत, काटकोनी आणि माझ्या मते अधिक प्रामाणिक आहे. त्याचे खांब आणि तुळया लाकडी असून काचेतून दिसतात, आणि मधोमध आगीपासून सुरक्षित असा काँक्रीटचा गाभा आहे. त्यात सुट्या भागांचे स्वयंचलित भांडार आहे आणि त्यातून प्रत्येक मजल्यावरील जुळणीकडे खोकी जातात. गाभ्यात साठा आणि भोवती काम, ही मांडणी पाहून कारखान्याचे काम कसे चालते हे तेथील कामगाराला विचारावे लागत नाही.

शनिवार : ला शो-द-फाँ

बीलहून सोंसबो आणि सेंत-इमिए या गावांवरून गाडी डोंगर चढत ला शो-द-फाँला पोहोचते. हे गावही हजार मीटर उंचीवर आहे. पाहण्याजोगी नदी नाही, सरोवर नाही, आणि रस्त्यांवर पर्यटकांची गर्दीही नाही. तरी माझ्या दृष्टीने या प्रवासात सर्वाधिक शिकवणारी वास्तू म्हणजे हे अख्खे गाव.

१७९४ च्या आगीत जुने गाव जळाले. पुढे घड्याळांच्या धंद्याबरोबर वस्ती वाढू लागली तेव्हा अभियंता शार्ल-आंरी जुनो यांनी १८३५ साली विस्ताराचा आराखडा केला. उतारावर लांबच लांब समांतर रस्ते, प्रत्येक रस्त्याला लागून घरांची सलग ओळ, ओळीसमोर दक्षिणेला बागेची पट्टी आणि मग पुन्हा रस्ता. एका ओळीची सावली दुसऱ्या ओळीच्या खिडक्यांवर पडू नये असे अंतर आहे. याचे कारण घरांत राहणाऱ्या लोकांचा व्यवसाय. कोणी चाके कापत असे, कोणी डायल मिनाकाम करून देत असे, कोणी केसवर कोरीव काम करत असे. अर्धवट झालेले काम पेटीत घालून मुले एका घरातून दुसऱ्या घरात नेत. सगळ्यांची गरज एकच : खिडकीपाशी टेबल आणि त्यावर दिवसभर उजेड. कार्ल मार्क्सने या गावाकडे एक प्रचंड कारखाना-गाव म्हणून पाहिले होते, आणि आजही वरच्या मजल्यांवरील एकाला एक लागून असलेल्या खिडक्यांच्या रांगा पाहिल्या की त्याचे निरीक्षण पटते. शेजारच्या ल लोक्लसह या नगररचनेला युनेस्कोने २००९ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि २०२० साली यांत्रिक घड्याळनिर्मितीचे कौशल्य स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या संयुक्त नावाने अमूर्त वारशाच्या यादीत आले.

येथे कोणीही प्रतीकाचा विचार केला नव्हता. गाव घड्याळासारखे दिसावे ही कोणाचीच इच्छा नव्हती. कारागिराच्या डोळ्याला काय हवे एवढेच पाहून अंतरे ठरवली गेली, आणि त्यातून जो आकार आला तो या उद्योगाचे इतके नेमके चित्र देतो की पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत कोणत्याही विशारदाला त्याहून अचूक काही काढता आलेले नाही.

मामा एका ओळीसमोर बराच वेळ उभे होते. त्यांच्या दुकानात सकाळी अकरापर्यंतच खरा उजेड येई आणि त्यानंतर दिवा लावून काम करावे लागे, हे मला ठाऊक होते. हेअरस्प्रिंग सरळ करायची असली की ते ती सकाळसाठी राखून ठेवत. दिव्याच्या उजेडात चमक पडते आणि वेढ्यातला बारीक बाक नजरेतून सुटतो, असे त्यांनी मला समजावून सांगितले. “इथे दुपारीही हेअरस्प्रिंग घेता आली असती,” असे ते म्हणाले.

आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालय १९७४ साली उघडले. प्येर झोली आणि जॉर्ज-जे. हाफेली यांनी ते एका बागेच्या जमिनीखाली बांधले, त्यामुळे बाहेर फक्त काँक्रीटचे काही कोनाकृती भाग आणि काचा दिसतात. उघड्या काँक्रीटच्या भिंती, वेगवेगळ्या पातळ्यांना जोडणारे छोटे पूल आणि नेमक्या जागी वरून येणारा उजेड : घड्याळाचे झाकण काढून आत डोकावल्यावर वेगवेगळ्या उंचीवरचे भाग एकाखाली एक दिसतात, तसा अनुभव येथे चालताना येतो. बागेत ओनेलिओ व्हिन्यांदो यांनी १९८० साली उभारलेले, पोलादी नळ्यांचे मोठे वाद्य-घड्याळ आहे आणि ते दर पाव तासाला वाजते. संग्रह विलक्षण समृद्ध आहे, पण मामा सगळ्यांत जास्त रमले ते दुरुस्ती कार्यशाळेच्या काचेसमोर. आत एक बाई जुन्या टेबल-घड्याळाचा पिव्हट, म्हणजे चाकाच्या अक्षाचे टोक, पॉलिश करत होत्या. मामा त्यांच्या हाताकडे पाहत मला प्रत्येक कृती त्यांच्या अर्धा क्षण आधी सांगत होते, आणि एकदाही चुकले नाहीत.

रविवार : ला शो-द-फाँ

विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी वास्तुविशारदांपैकी एक याच गावात, घड्याळांच्याच घरात जन्मला. शार्ल-एदुआर जानरे, म्हणजे पुढचा ल कॉर्बुझिए, याचे वडील डायलवर मिनाकाम करत आणि तो स्वतः येथील कलाशाळेत घड्याळाच्या केसवरील कोरीव काम शिकत होता. शिक्षक शार्ल लेप्लात्निए यांनी त्याला वास्तुकलेकडे वळवले. त्याने आखलेले चंदीगड आणि अहमदाबादमधील गिरणीमालक संघाची इमारत पाहिलेल्या भारतीयाला या गावातून फिरताना एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही : ऊन आत कधी यावे आणि कधी अडवावे हा त्याच्या सगळ्या कामातला प्रश्न, आणि ज्या गावात तो वाढला तेथे प्रत्येक कुटुंबाची रोजी या प्रश्नावर अवलंबून होती. जुरातील थंडीत ऊन ओढून घ्यायचे होते, अहमदाबादच्या उन्हाळ्यात ते काँक्रीटच्या तिरप्या फळ्यांनी रोखायचे होते. मोजमाप मात्र सूर्याचेच.

सकाळी आम्ही त्याने १९१२ साली आईवडिलांसाठी बांधलेले ‘मेझाँ ब्लांश’ पाहिले आणि नंतर खाली उतरून ‘व्हिला त्युर्क’कडे गेलो. घड्याळ उद्योजक आनातोल श्वोब यांच्यासाठी १९१७ च्या सुमारास ही हवेली पूर्ण झाली आणि १९८६ साली एबेल या घड्याळ कंपनीने ती विकत घेतली. रस्त्याकडच्या बाजूला, अगदी मधोमध, विटांच्या चौकटीत एक मोठा पांढरा आयत आहे आणि त्यावर काहीही नाही. ना खिडकी, ना नक्षी. मी मामांना म्हणालो की तुमच्या नियमाने हा भाग बिनकामाचा ठरतो.

त्यांनी थोडा विचार केला. “डायल काय काम करते?” त्यांनी विचारले. “यंत्राला तिची गरज नसते. मी डायल उतरवून घड्याळ दिवसभर चालवलेलं आहे, सेकंदाचाही फरक पडत नाही. पण गिऱ्हाइकाला ते तसं देता येतं का?”

मी म्हणालो की डायलवर निदान आकडे असतात. त्यावर त्यांनी ज्या घरातल्या मुलाने हे बांधले त्याचे वडील आयुष्यभर आकडे लिहिण्यापूर्वीचा तो पांढरा थर भाजत होते, याची मला आठवण करून दिली. हा युक्तिवाद मी पूर्णपणे मान्य केलेला नाही. मागे बागेकडे गेल्यावर मला माझे उत्तर मिळाले असे वाटले : तेथे, दक्षिणेला, दोन मजले उंचीची एकच खिडकी आहे आणि बैठकीची सगळी खोली तिच्यासमोर उघडते. ज्या बाजूला ऊन नाही ती कोरी आणि ज्या बाजूला आहे ती अखंड काच, ही विभागणी जुनो यांच्या आराखड्यातलीच आहे. मामांचे म्हणणे असे की खिडकीचे कारण बरोबर आहे, पण त्याने पांढऱ्या आयताचे कारण मिळत नाही; आणि न्यूशातेलच्या गाडीत बसेपर्यंत आम्ही दोघेही आपापल्या जागी ठाम होतो.